सुलोचनाकाकूंचा वरचा मजला

सुलोचनाकाकू रणवरे मूळच्या फलटणकडच्या. नवरा रामचंद्र हवाई दलात तंत्रज्ञ. त्यांच्याबरोबर जोधपूर, तेजपूर करत त्या चंडीगढला आल्या आणि इथेच राहिल्या. निवृत्त झाल्यावर गावी परत जायचं दोघांच्याही मनात होतं, पण मुलगी मैत्रेयी इथल्या शाळेत शिकली, इथल्याच मैत्रिणींत वाढली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. तिच्यासाठी म्हणून चंडीगढच्याच मनीमाजऱ्यात, मोटर मार्केटच्या मागे एका गल्लीत त्यांनी जुनं घर घेतलं, त्यावर मजला चढवला, आणि दोन वर्षांतच रामचंद्रकाका हृदयविकाराने गेले.

माझी त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. माझ्या नवऱ्याची इथे नुकतीच बदली झाली होती. उकडीचे मोदक करायला बसलेल्या बायकांत त्या एकट्याच न बोलता भराभर पाऱ्या वळत होत्या. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "पीठ नीट मळलेलं न्हाई कुणी. तू तुपाचा हात लाव, ईश्वरी." नाव त्यांना कुठून कळलं कोण जाणे. तेव्हापासून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं.

मैत्रेयी विद्यापीठात नोकरी करते. आरोग्याच्या क्षेत्रात पीएच.डी. झालेल्या परदेशी संशोधकांना तिथे फेलोशिप मिळते. ते येतात, इथल्या प्राध्यापकांबरोबर दोन वर्षं काम करतात. निवड मोठी माणसं करतात. निवड झाल्यावर जे सगळं निस्तरावं लागतं ते मैत्रेयीच्या वाट्याला येतं. विमानतळावरून आणणं, नोंदणी, बँकेतलं खातं आणि सगळ्यात कठीण म्हणजे राहायला जागा. युरोपातून कुणी आला तर घरमालक स्वतः फोन करतात. आफ्रिकेतून कुणी येणार म्हटलं की सगळ्यांच्या खोल्या एकाएकी भरलेल्या असतात.

गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी, जानेवारीत प्रॉसी नानसुबुगा आली. युगांडाची, मसाका नावाच्या गावची, वय चौतीस. गरोदरपणात ज्या बायकांचा रक्तदाब वाढतो त्यांच्यावर तिचं संशोधन. मैत्रेयीने तिच्यासाठी शहरातल्या सेक्टरांमधून, मोहालीतून, एअरोसिटीतून घरं शोधली. एके ठिकाणी तर आगाऊ पैसे घेतलेल्या मालकाने प्रॉसीला दारात पाहिल्यावर पैसे परत दिले. त्या संध्याकाळी मैत्रेयी घरी आली, चपला न काढताच आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, ऊपर वाला पोर्शन खाली है ना?"

काकूंनी फार विचार केला नाही. "एकटी बाईमाणूस आहे ना? मग येऊ दे की," म्हणाल्या.

पहिले काही दिवस दोघी एकमेकींना नुसत्या हसून दाखवायच्या. काकूंचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे जात नव्हतं आणि प्रॉसी मोबाइलवरून हिंदी शिकत होती. मग एका दुपारी वरून शेंगदाणे भाजल्याचा वास आला. काकू जिना चढून गेल्या. प्रॉसीने कच्ची केळी वाफवून त्यांचा गोळा केला होता आणि शेजारच्या पातेल्यात दाण्याचं काहीतरी रटरटत होतं. काकूंनी चमच्याने चव घेतली.

"अगं, ही तर आमची दाण्याची आमटी!" त्या मराठीतच ओरडल्या.

हे मला काकूंनी इतक्या वेळा सांगितलं की मला तो वास माझ्याच नाकात असल्यासारखा वाटतो. "चिंच न्हाई, गूळ न्हाई, पण बाकी आमटीच. इतक्या लांबची बाई आणि दाण्याचा कूट करते! इथल्या बायकांना मी तीस वर्षं सांगतेय की भाजीत कूट घाला, एकीने ऐकलं न्हाई."

त्या दिवसापासून जेवण कधी वर तर कधी खाली व्हायला लागलं. थंडीत गच्चीवर ऊन यायचं तेव्हा सुट्टीच्या दिवशी दोघी चटई टाकून बसायच्या. धुकं उशिरापर्यंत हटायचं नाही, मग जे काही तास-दोन तास ऊन मिळायचं त्यात काकू मटार सोलायच्या आणि प्रॉसी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायची. मी एकदा गेले तर प्रॉसी काकूंचा रक्तदाब मोजत होती आणि रागावत होती. "मम्मी, दवाई? कल? परसों?" काकू शाळेतल्या मुलीसारख्या मान खाली घालून बसल्या होत्या. मैत्रेयी हसून मला म्हणाली, "मेरी तो कभी नहीं सुनती."

प्रॉसी हसताना तोंडावर हात धरायची. शांत स्वभावाची होती. सकाळी सातच्या आत निघायची, कारण तिच्या अभ्यासातल्या बायका रुग्णालयात सकाळीच तपासणीला यायच्या. हरियाणा-पंजाबातल्या खेड्यांतून आलेल्या, सासूबरोबर आलेल्या, पोटावर हात ठेवून रांगेत उभ्या असलेल्या बायका. त्या नऊ महिने आणि नंतरही तिच्याकडे येत राहायला हव्या होत्या. त्यासाठी ती रोज तिथे दिसणं गरजेचं होतं. "मी नाही दिसले तर त्या निघून जातात. त्यांना वाटतं, संपलं," ती मला म्हणाली होती.

रविवारी चर्चमधून येताना तिच्याबरोबर तिच्या देशातले तीन-चार विद्यार्थी यायचे. जेवायचे, गाणी म्हणायचे, संध्याकाळच्या आत जायचे. गल्लीला ते आवडलं नाही. आधी कुणी म्हणालं, वास येतो. कसला वास, तर दाणे भाजल्याचा. मग कुणी म्हणालं, आवाज होतो. याच गल्लीत लग्नाच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डीजे चालतो, पण त्याला कुणी आवाज म्हणत नाही. परदेशी भाडेकरू ठेवल्याची नोंद मैत्रेयीने रीतसर केली होती. त्याची नेहमीची चौकशी करायला चौकीतून दोन शिपाई आले, चहा पिऊन गेले. पण मोटारसायकल दारात उभी होती तेवढ्या वेळात समोरच्या तीन घरांतल्या बायका गच्चीवर आल्या. त्यानंतर गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी कुठल्यातरी शहरातल्या धाडीचा व्हिडिओ टाकला. त्यात पोलीस काही आफ्रिकन मुलांना गाडीत बसवत होते. खाली कुणाचंच नाव नव्हतं, पण अर्थ सगळ्यांना कळला.

काकू तरीही डगमगल्या नाहीत. भाजीवाल्याकडे एकीने विषय काढला तेव्हा "माझी भाडेकरू डॉक्टर आहे, तुमचा कोण आहे?" असं विचारून आल्या. पण मे महिन्यात विजयकुमारजी घरी आले, तेव्हा मात्र त्यांना तसं बोलता आलं नाही.

विजयकुमार शर्मा गल्लीच्या कमिटीचे अध्यक्ष. रामचंद्रकाकांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांना स्वतःच्या गाडीत घालून रुग्णालयात नेणारे तेच. काका गेल्यावर फलटणहून माणसं पोहोचेपर्यंत घराचं दार उघडं ठेवून बसले तेही तेच. पेन्शनच्या कामासाठी काकूंबरोबर सहा वेळा गेले. राखीपौर्णिमेला काकू त्यांना राखी बांधतात.

ते खुर्चीत बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "भाभीजी, मुझे कोई दिक्कत नहीं. लड़की शरीफ है, मैं जानता हूँ. पर गली के लोग मेरे पास आते हैं. रोज़ आते हैं. मैं किस-किस को समझाऊँ?"

काकूंनी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"नातीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत," असं विजयकुमारजींनी हिंदीत पुढे सांगितलं. मुलाकडचे लोक येणार होते. गल्लीत हे असं वातावरण, लोकांची तोंडं वाकडी. "आप तो हमारी अपनी हैं. आगे आपकी मर्ज़ी."

चहा न घेताच ते गेले. त्यांनी एकदाही 'काढा' असा शब्द वापरला नाही, हे काकूंच्या पुढे कितीतरी महिन्यांनी लक्षात आलं.

मैत्रेयी तेव्हा नव्या फेलोशिपच्या बैठकीसाठी दिल्लीला गेली होती. तिला फोन करावा असं काकूंच्या मनात आलं होतं. पण ती काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं, म्हणून केला नाही. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी प्रॉसी जिना चढत होती तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

"बेटा, मेरा देवर आ रहा है. गाँव से. रहने के लिए."

प्रॉसीला 'देवर' हा शब्द माहीत नव्हता. काकूंनी तो समजावून सांगितला. नवऱ्याचा भाऊ. आजारी आहे. इथे उपचार करायचेत. एकदा खोटं बोलायला लागल्यावर त्याला हातपाय फुटत गेले. प्रॉसी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पिशवी धरून उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कब आएगा, मम्मी?"

"इसी हफ़्ते."

"बीमार है तो अच्छा गद्दा चाहिए," ती म्हणाली. "मेरा वाला नया है. मैं छोड़ के जाऊँगी."

आणि तिने खरंच गादी ठेवली. मैत्रेयी दिल्लीहून परतली तेव्हा वरचा मजला झाडून-पुसून रिकामा होता. गादीवर घडी घातलेली चादर होती.

त्या दिवशी आई-मुलीत जे झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे. मैत्रेयी त्या दिवशी मराठीत बोलली. तोडकं, मोडकं, लिंग-वचनाच्या चुका करत, पण मराठीत. जणू आईला 'मला कळलं नाही' म्हणायची सवलतच द्यायची नव्हती.

"मी तिला सांगितला होता, हा माझा घर आहे. माझा! माझ्या आईचा. बाकी कुणाचा भरोसा नाही, पण आईचा आहे. आता मी ऑफिसात कुणाला काय सांगू?"

"विजयकुमारजींचे उपकार आहेत गं आपल्यावर."

"मग उपकार तू फेडायचा ना. तिच्याकडून का फेडला?"



प्रॉसी विद्यापीठाच्या अतिथीगृहात गेली, पण तिथे एका मर्यादेपलीकडे कुणाला राहू देत नाहीत. मग खूप शोधून शहराबाहेर, खरड गावाच्याही पुढे एका इमारतीत खोली मिळाली. तिथून दोन बस बदलून यायचं. पावसाळ्यात रस्ता तुंबला की ती रुग्णालयात पोहोचायची तेव्हा तपासणी उरकलेली असायची. खेड्यांतून आलेल्या बायका तिची थोडी वाट बघायच्या आणि बस चुकेल म्हणून निघून जायच्या. त्यातल्या बऱ्याच पुन्हा आल्याच नाहीत. कामाचा आढावा झाला तेव्हा तिच्या प्राध्यापकांनी चांगल्या शब्दांत सांगितलं की अभ्यासातल्या इतक्या बायका अशा मधूनच गळाल्या तर या कामातून काही सिद्ध होणार नाही. घराचं कारण तिने तिथे सांगितलं नाही. मैत्रेयीने विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सगळे म्हणतील, आफ्रिकेतल्यांना बोलावलं की हे असं होतं. पुढच्या वर्षी कुणाला बोलावणारच नाहीत."

इकडे वरचा मजला बंद होता. कुणाचेही दीर आले नव्हते. काकूंनी दुसरा भाडेकरूही ठेवला नाही. विजयकुमारजींच्या नातीचं लग्न ठरलं, मिठाईचा डबा आला. काकूंनी तो तसाच कामवालीला दिला. मी विचारलं तर म्हणाल्या, "साखर झेपत न्हाई आता." त्या वाळल्या होत्या. मंडळाच्या गणपतीला आल्या नाहीत.

ऑक्टोबरात मैत्रेयीने मला फोन केला. प्रॉसीला डेंग्यू झाला होता. खोलीत एकटी तापाने तळमळत होती, शेजारच्या विद्यार्थ्यांनी उचलून रुग्णालयात आणलं. रक्तातल्या पेशी खूप खाली गेल्या होत्या. मैत्रेयी दोन दिवस तिच्याजवळच होती. "मम्मी को मत बताना," म्हणाली. पण मैत्रेयीच्या फोनवरच्या बोलण्यावरून काकूंना आधीच कळलं होतं. त्यांनी अर्ध्या तासात मला फोन केला. "गाडी काढतेस का?"

वाटेत त्यांच्या मांडीवर डबा होता, त्यात मऊ भात आणि मुगाचं वरण. रुग्णालयाच्या दारात मी म्हटलं, मी खाली थांबते. त्या म्हणाल्या, "नको, वर चल. मला एकटीला जमणार न्हाई."

प्रॉसी उशीला टेकून बसली होती. गालफडं वर आली होती, हाताला सुई. काकूंना पाहून तिने उठायचा प्रयत्न केला. काकूंनी डबा उघडला, पण तिने मान हलवली. नंतर, म्हणाली. मैत्रेयी खिडकीजवळ पाठमोरी उभी होती.

"देवर ठीक है?" प्रॉसीने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"कोई देवर नहीं आया. मैंने झूठ बोला."

"मुझे पता है, मम्मी." पुढचं ती हिंदी-इंग्रजी मिसळून बोलली. "जुलैमध्ये मी तुमच्या गल्लीजवळच्या बाजारात आले होते, तेव्हा वरच्या खिडक्या बंद होत्या. आजारी माणूस असेल तर एवढ्या उकाड्यात खिडक्या कोण बंद ठेवील?"

काकूंनी हात जोडले. मला ते बघवलं नाही. त्या म्हणाल्या, तू परत चल, आजच चल, मी बघते कोण काय म्हणतं ते. मराठी, हिंदी, सगळं एकत्र झालं होतं. प्रॉसीने सुई नसलेल्या हाताने त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"नाही, मम्मी. तुमच्या घरी मला झोप चांगली यायची. आता नाही येणार. जिन्यावर पाय वाजले की मी उठून बसेन."

एवढंच. रागाने म्हणाली नाही. काकूंनी डबा तिथेच ठेवला आणि आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर त्या रडल्या नाहीत, नुसत्या दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिल्या.

प्रॉसी बरी झाली, पण दुसऱ्या वर्षासाठी थांबली नाही. उरलेलं काम मायदेशी, कंपालातून करता येईल तेवढं करते, असं तिने लिहून दिलं. डिसेंबरच्या शेवटी मैत्रेयी तिला विमानतळावर सोडून आली. काकूंना तिने आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी काकू उठून विजयकुमारजींच्या घरी गेल्या. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं त्यांनी बोलून दाखवलं. तुमच्यामुळे मी एका पोरीला घराबाहेर काढलं, तिचं काम बुडालं, ती मरता मरता वाचली. विजयकुमारजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाभीजी, मैंने तो बात रखी थी. निकाला तो आपने."

काकू मला म्हणाल्या, "ईश्वरी, मी घरी आले आणि दिवसभर विचार केला. माणूस खोटं न्हाई बोलला गं."

एप्रिलमध्ये गल्लीची बैठक झाली. विषय पाण्याच्या टाक्यांचा आणि गाड्या लावण्याचा. सगळं बोलून झाल्यावर काकू उभ्या राहिल्या. हे मला मैत्रेयीने सांगितलं, आणि मैत्रेयीला समोरच्या घरातल्या बाईने, तक्रार म्हणून. काकू म्हणाल्या, माझा वरचा मजला विद्यापीठ पाठवील त्याला मी देणार. कुठल्याही देशाचा असो. आधी मी एकीला काढलं, ती चूक माझी होती. आता कुणाला काही म्हणायचं असेल तर इथे म्हणा, माझ्या घरी येऊ नका. विजयकुमारजी उठून गेले. त्या वर्षी राखीपौर्णिमेला काकू त्यांच्याकडे गेल्या, पण ते घरी नव्हते. राखी सुनेजवळ देऊन आल्या.

मला वाटलं होतं, आता सगळं सुरळीत होईल. त्याच उन्हाळ्यात नवे फेलो आले. इथिओपियाचा एक संशोधक बायको आणि लहान मुलीसह येणार होता. मैत्रेयी पुन्हा घरांमागे धावत होती. मी जेवायला गेले होते तेव्हा काकूंनी माझ्यासमोरच विचारलं, "त्यांना इथे का आणत न्हाईस?"

मैत्रेयी पोळी मोडत थांबली. "मम्मी, उनकी छोटी बच्ची है."

"मग?"

"अभी नहीं," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, त्यामुळेच जास्त लागला असणार. "थोड़ा टाइम दो. मुझे भी."

त्या कुटुंबाला तिने शेजारच्या पंचकुलात घर मिळवून दिलं. काकूंनी त्यांच्यासाठी पातेली, कुकर, मुलीसाठी एक छोटी खुर्ची पाठवली. मैत्रेयीने ती पोहोचवली. कुणी दिलं ते तिथे सांगितलं की नाही, ते काकूंनी विचारलं नाही.

या हिवाळ्यात आमची बदली झाली. निघायच्या आधी मी काकूंना भेटायला गेले. मैत्रेयी कामावर होती. वरचा मजला अजून रिकामा होता. काकू दर आठवड्याला तो झाडून घेतात, खिडक्या उघडतात आणि संध्याकाळी लावून घेतात. मी प्रॉसीबद्दल विचारलं. कंपालात एका रुग्णालयात तिला नोकरी मिळाली होती. तिथल्या बायकांबरोबर तेच काम ती पहिल्यापासून पुन्हा करत होती.

"मी करते फोन कधी कधी," काकू म्हणाल्या. "उचलते. जेवलात का, तब्येत कशी, सगळं विचारते. कधी फोन टाळला न्हाई पोरीने."

मग हातातली सुपारी फोडायची राहून गेली आणि त्या गॅलरीतून बाहेर बघत राहिल्या.

"पण स्वतःहून करत न्हाई, बघ."